दर दहा मिनिटांची हजेरी

हॅलो? … हो आई, बोल. … नाही गं, अजून खिदिरपूरलाच, ऑफिसात. कोलकात्याच्या या गर्दीतून डमडमला घरी पोचायला आठ होतील. … आवाज? आवाजाला काय झालंय? … बरं, सांगते. पण मधे बोलायचं नाही.

अगं, आमच्या गोदामात औषधांची थंड खोली नाही का? तिथलं यंत्र दर दहा मिनिटांनी तापमान पाठवतं, ते डेटाबेसमध्ये साठतं. … डेटाबेस गं. मोठी वहीच समज. तर परवा साहेब म्हणाले, केतकी, मधल्या काही नोंदी गळताहेत, कुठल्या ते शोध. … आता न आलेली नोंद वहीत दिसणार कशी? … हो, हो… अगं ऐक ना! तू शाळेत हजेरी कशी घ्यायचीस? आलेल्या पोरांची तोंडं बघून? … बरोबर, पटावरून! तसा मी वेळांचा पट केला. पहिल्या तारखेपासून आजपर्यंत दर दहा मिनिटांची एकेक वेळ. … छे, हाताने कुठे! एका ओळीत सांगायचं, डेटाबेसच मांडून देतो. दिवसाच्या एकशे चव्वेचाळीस. मग प्रत्येकीसमोर आलेलं तापमान लावलं. आणि जवळजवळ रोज सकाळी सात चाळीस ते आठ दहा… कोरं!

… सकाळी सुमित असतो. सुमित हालदार गं, सकाळच्या पाळीचा. मी साहेबांना सांगितलं, त्यांनी लगेच त्याला नोटीस दिली. … हो, काल. बिचारा सांगत होता, मी कशालाच हात लावलेला नाही.

आणि आज बघते तर… वेळा ग्रीनिचच्या! … अगं, लंडनजवळचं. डेटाबेस त्या घड्याळाने लिहितो. आपले साडेपाच तास मिळवायचेच राहिले माझ्याकडून. … कर ना हिशोब. सात चाळीस अधिक साडेपाच. … हं. दुपारी एक वाजून दहा.

… नाही, सुमितची पाळी एकला संपते. एक दहाला त्या खोलीबाहेर मी असते, आई. जेवायला.

… भिंतीला एकच सॉकेट आहे गं. मी त्यातली पिन काढते आणि माझ्या इलेक्ट्रिक डब्याची लावते. मला वाटायचं, ती जुन्या राउटरची असेल. ती निघाली त्या यंत्राची! … नाही नाही, औषधं ठीक आहेत. खोली थंडच होती, फक्त नोंद थांबत होती. … खात्री म्हणजे काय, गेल्या बुधवारी मी रजेवर होते ना? त्या दिवशी एक जागा रिकामी नाही! … हस, हस. 'गरम करूनच खा' म्हणून रोज मागे कोण लागतं?

… सांगितलं की. आधी साहेबांना. … नोटीस फाडली त्यांनी. मला ऐकवलं, चांगलं दहा मिनिटं. सुमित आज बदलीवर संध्याकाळच्या पाळीला आला, तेव्हा सगळ्यांसमोर त्याची माफी मागितली. … काही नाही. एवढंच म्हणाला, 'दीदी, एकदा मला विचारायचं तरी.' … हो ना. ओरडला असता तर बरं झालं असतं. तेव्हापासून बसलेय नुसती, घरी निघवत पण नाही.

… थांब हं, तोच दारात आलाय. … क्या हुआ, सुमित? … चाय? … मैं भी? … हाँ, हाँ, आ रही हूँ, रुको!

आई, चहाला बोलावतोय गं मला. … अगं हो, त्याचे पैसे मीच देईन! ठेवते, ठेवते.