दुसऱ्या डोळ्याची कादंबरी

अण्णा नगरच्या डोळ्यांच्या दवाखान्यात एक बाई मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी थांबलेल्या नवऱ्याला इंग्रजी पुस्तक मराठीत करून वाचून दाखवत होती. चेन्नईत आपलं कुणाला कळतंय, म्हणून दोघं मोकळेपणी बोलत होती. शेजारच्या खुर्चीवर नंबराची वाट पाहणारी विद्युलता मात्र मराठीच होती आणि सगळं ऐकत होती.

"हा जपानी लेखक मोठा असेल हो, पण या पुस्तकातल्या सुरुवातीच्या दोन छोट्या कादंबऱ्यांत घडत काहीच नाही. नुसती माणसं निघून जातात."

"तू वाच गं. थेंबांनी सगळं धूसर झालंय."

"घाबरलात?"

"छे! ती मुलगी स्टेशनवर होती, तिथून वाच."

"गाडी सुटते. हा एकटाच घरी येतो. आणि..."

"थांबलीस का?"

"पान चिकटलंय. हं, आठ दिवसांनी ती परत येते."

"खरंच?"

"छापलंय ना इथे! संत्र्यांची पिशवी घेऊन दारात उभी."

"बरं झालं बाई."

"बाळकृष्ण सार अटेंडर, साइन पण्ण वांग!" नर्सने पेशंटसोबतच्या माणसाला हाक मारली, तशी बाई सही करायला गेली.

विद्युलतेला राहवलं नाही. "काका, मी वाचलंय हे. त्यात ती..."

"अरेच्चा, मराठी! येत नाही ती. ठाऊक आहे."

"मग?"

"दोन्ही कादंबऱ्या मला पाठ आहेत. गेल्या महिन्यात उजव्या डोळ्याच्या वेळी हिने पहिल्या कादंबरीतल्या बुडून मेलेल्या मित्राला जिवंत करून पानावर जेवायला बसवलं होतं. बोलू नका, आली ही."

"वाचू पुढे?"

"वाच ना. संत्री गोड निघाली का?"