पिशव्यांपाशी कोण?

हिर्डोशीच्या एसटीचा पत्ता नव्हता, म्हणून भोरच्या स्टँडवर नलूताईंनी कान शेजारच्या बाकाकडं लावले. बाजार करून, दोन भरल्या पिशव्या मधे ठेवून बसलेले खुर्शिदा आणि तिचा नवरा जहांगीर मुंबईकडच्या मोठ्या पार्कात घालवायचा आठवडा आखत होते.

"म्या सात दिवसांची रजा टाकलीया. सोमवारी आकाशपाळणा. तू, अम्मी आन् पोरं बसा. मी पिशव्यांपाशी थांबतो."

"मंगळवारी?"

"पाण्याची घसरगुंडी. चपलांवर, डब्यांवर नजर ठेवायला घरचं माणूस नको व्हय?"

"बुधवारी?"

"उलटी फिरणारी गाडी. तितं तर लई चोर असत्यात."

"म्हंजी आठवडाभर तुमी बसून, आन् उलटं लटकायचं आमी?"

"मला चक्कर येती गं."

"मला बी येती. पिशव्या मीच बघणार."

"आन् अम्मी?"

"त्या कालच म्हणाल्या, मी पिशव्यांपाशी बसंन. पोरं म्हणत्यात, आमी दादीपाशी."

"मग पाळण्यात बसणार कोण?"

"पिशव्या बसवा!"

तेवढ्यात किकवीची गाडी लागली. जागा धरायला दोघं जीव खाऊन पळाले.

नलूताईंनी शेजारी पाहिलं. बाकावर दोन्ही पिशव्या ऐसपैस बसल्या होत्या.