झिलूच्या पोटातली जाळी

सावध बसा, मंडळी! गुडघे दुखत असतील त्यांनी खुशाल पाय पसरा — देव मांडी बघत नाही, मन बघतो. आज एकच प्रश्न घेऊन उभा आहे. फुटलेलं आणि झिजलेलं, यांत फरक काय? फुटलेली मूर्ती आपण पाण्यात सोडतो. मग माणूस फाटला तर? त्याला टाका घातला, आत परकी वस्तू बसवली, तर तो देवाच्या कामाचा उरला की नाही? बोला! — गप्प? बरं. झिलू तांडेल देईल उत्तर.

हा झिलू खाडीकाठचा. जाळी विणणारा, फाटलेली सांधणारा. साठीला आलेला, पण शिमग्यात ग्रामदेवीच्या पालखीचा पुढचा दांडा तीस वर्षं ह्याच्याच खांद्यावर! पालखी नाचू लागली की बाकीचे धापा टाकायचे, झिलू हसायचा. चार वर्षांपूर्वी देवीची पाषाणमूर्ती अभिषेकाने झिजली म्हणून तिला वज्रलेप, म्हणजे झीज भरून काढणारा लेप, केला, तेव्हा पहिला नारळही ह्यानेच फोडला. हे गाठीला बांधा हं — पुढे लागेल!

तर एकदा होडी ओढताना ह्याच्या जांघेत काहीतरी सरकलं. लिंबाएवढा फुगा! दाबला की आत, खोकला की बाहेर! झिलूने काय केलं? वरून फडका आवळला! दुसऱ्यांची जाळी सांधणारा पठ्ठ्या — आणि स्वतःच्या पोटाला नुसता फडका! हसू नका. कोणाकोणाचा हात आत्ता पोटावर गेला, ते मला इथून दिसतं!

शेवटी बायकोने, भागीने, त्याला तालुक्याला डॉक्टर सरमळकरबाईंकडे ओढत नेलं. बाई तरुण, पण हाताला गुण. तपासून म्हणाल्या, "काका, हा अंतर्गळ. पोटाची आतली भिंत फाटलीय. आतडं अडकलं तर जिवावर बेतेल. तिथे जाळी बसवावी लागेल."

झिलू ताडकन उभा! "जाळी? गो भागी, ह्या डॉक्टर चेडवाक सांग — माझ्या पोटात मासे नाय!"

आणि चालता झाला! पण दुखणं काय, माणूस चालता झाला तर तेही बरोबर चालतं. आठ दिवसांनी स्वारी आपल्या पायांनी परत हजर. खिशातून काढलं काय? तळहाताएवढी जाळी! स्वतः विणलेली!

"घालूचीच तर ही घाल. वीस वर्षां गाठ सुटाची नाय!"

बाई हसल्या नाहीत, मंडळी. त्यांनी आपली जाळी शेजारी ठेवली. पांढरी, मऊ, कृत्रिम धाग्याची.

"ह्याका गाठ खय हा?"

"गाठ आत टोचेल, काका."

"आणि इतकी भोकां?"

"भोकं आहेत म्हणून तर तुमचं मांस त्यांतून वाढेल, जाळीला मिठी मारेल. धरून ठेवायचं काम जाळीचं. भरून काढायचं काम तुमच्या देहाचं."

झिलूने ती उजेडात धरली, ताणून पाहिली. कारागीर तो! पुटपुटला, "खरां हा. पाणी जाऊ देता, तांच जाळां टिकता." मग हळूच विचारलं, "पालखी?"

"तीन महिने जड उचलायचं नाही. मग तपासून सांगते."

कार्तिकात शस्त्रक्रिया झाली, फाल्गुनात बाईंनी परवानगी दिली. पण झिलूच्या मनाचा फुगा तसाच! डॉक्टर हो म्हणाली — देवी काय म्हणेल? खंडित मूर्ती देव्हाऱ्यात चालत नाही, मग खंडित देह पालखीला कसा चालेल?

शिमगा आला. ढोल घुमले. पालखी निघाली, आणि झिलू कुठे? पिंपळाच्या आड! ऐंशी वर्षांचे मानकरी दाजी ओरडले, "झिल्या! पुढचो दांडो रिकामो! खय लपलस?"

झिलू पुढे आला, हात जोडले. "दाजीनू, माझ्या पोटात परकी जाळी हा. मी खंडित. चालात काय, तुमीच सांगा."

ढोल थांबले. सगळ्यांचे डोळे दाजींच्या तोंडाकडे. दाजींनी तोंड उघडलं — आणि आतली कवळी काढून हातात धरली!

"आधी माका सांग," दाजी बोळक्या तोंडाने म्हणाले, "ही खय टाकू? देवीचो परसाद रोज हिनाच चावतंय!"

अहो, काय हशा! पुजारी ओरडला, "माझ्या डोळ्यांत भिंगां!" ढोलवाला म्हणाला, "माझ्या मांडयेत सळी!"

पण झिलू हलेना. हसण्याने मनाची गाठ सुटते थोडीच? तेव्हा बायकांतून भागी पुढे आली.

"ओ, वज्रलेपाचो नारळ कोणी फोडलो?"

"मीच."

"तेव्हा आई खंडित होती?"

"छे! झिजलेली. गावाचां पाणी अंगावर झेलून झेलून."

"मग तुमी कशान झिजलास? होड्यो ओढून, तिची पालखी उचलूनच ना?"

झिलू दांड्याकडे वळला. त्याने डोळे पुसले, दांड्याला हात लावून तो कपाळी नेला आणि खांदा दिला. पालखी अशी उठली, अशी नाचली, की सळीवाल्याने मांडी विसरून ढोल बडवला!

कळलं, मंडळी? पडून फुटतं, वापरून झिजतं. झिजलेल्याची लाज कसली? घरोघरी फडके आवळून बसला आहात — कोणी पोटाला, कोणी मनाला. उद्या सकाळी सोडा आणि जाणत्याला दाखवा. आणि दुरुस्त होऊन जो परत येईल, त्याला मागे उभा करू नका. पुढचा दांडा त्याचा!

चला, आता देवीचं नाव घेऊ. ज्याच्या देहात काहीच झिजलेलं नाही, त्याने आधी आवाज द्यावा...

कोणीच नाही? वा! मग सगळे मिळून घ्या!