वाकडं शिंग

बुरुल : आणि हा गरुड कुठून आला? आपल्या घरात धड कोंबडासुद्धा नाही.

तिलेक : तायेजे, वेबसाइट उघडली की पहिल्यांदा तोच दिसणार. परदेशी माणसाला किर्गीझ म्हटलं की गरुड लागतो. डोंगर, घोडा, गरुड. मग खाली आपले शिरदाक गालिचे.

बुरुल : मग गरुडच विक की. आम्ही लोकरीचे नमदे कशाला लाटत बसायचं? जिपार, चहा ओत याला. माझ्या बहिणीचा लेक बिश्केकमध्ये शिकून शहाणा झालाय आणि मावशीसाठी पाखरू घेऊन आलाय.

जिपार : आपा, जरा बघून तर घ्या. मीच बोलावलंय त्याला. ती बाजारवाली आपले शिरदाक नेते आणि त्यांच्यावर स्वतःच्या नावाची चिठ्ठी शिवते. इथं निदान आपल्या सासू-सुनेचं नाव लागेल.

बुरुल : कुठं लागलंय ते दाखव मला. इथं तर माझा म्हातारा घोड्यावर बसलाय. खाली काय लिहिलंस रे? वाच.

तिलेक : 'सात पिढ्यांचा वारसा जपणारे अत-बाशीचे थोर कारागीर...'

बुरुल : तुझ्या मावशीच्या नवऱ्यानं उभ्या जन्मात नमद्याशी एकच काम केलं. त्यावर झोपला.

तिलेक : तायेजे, लोकांना वस्तूमागे एक गोष्ट लागते.

बुरुल : मग खरी सांग. गरम पाण्यात लोकर चेचून माझ्या सुनेच्या हातांची सालं निघतात, त्याचा फोटो टाक. नाही टाकणार. त्यात गरुड नाही ना. पुढं काय दिवे लावलेत?

तिलेक : पुढं प्रत्येक शिरदाकाखाली एक ओळ आहे. 'जगात असा दुसरा नाही.'

बुरुल : जिपार, ऐकलंस?

जिपार : तिलेक, अरे, शिरदाक एकटा होतच नाही. दोन रंगांचे नमदे एकावर एक ठेवायचे आणि दोन्ही एकदम कापायचे. मग लालातली नक्षीची शिंगं निळ्यात बसवायची, निळ्यातली लालात. काही वाया जात नाही आणि दर वेळी जोडी तयार होते. नक्षी तीच, रंग उलटे.

बुरुल : लहानपणी उन्हाळाभर इथं राहून माझी साय चाटायचास. एवढंही कधी बघितलं नाहीस?

तिलेक : बरं, ती ओळ काढतो. पण फोटो तरी बघा. हा तुमच्या भिंतीवरचा लाल. सगळ्यांत देखणा हाच आहे. कोपऱ्यातलं एक शिंग उलटीकडे वळलं होतं, ते मी कंप्युटरवर सरळ करून टाकलं.

बुरुल : कुणी सांगितलं होतं तुला?

तिलेक : चूकच होती ना ती.

बुरुल : होती. मेरिमची. एवढीशी होती, मी कापते म्हणून हटून बसली आणि चाकू घसरला. तो विकायचा नाही. काढ तिथून.

तिलेक : मेरिम म्हणजे आपली मेरिम? रशियात असते ती?

बुरुल : दुसरी कोण? तिथं लोकांचे जिने पुसते. आईला फोन करायचा म्हटलं की तिची बोटं झिजतात.

तिलेक : मग याची जोडी कुठं आहे?

जिपार : तिच्याबरोबर. लग्नात दिली होती. लाल इथं राहिला, निळा तिच्याकडे गेला.

बुरुल : तुला काम करायचंय की आमच्या घरच्या चौकशा? पुढं सरक.

तिलेक : सरकतो. दुसरे लोक कसे फोटो काढतात, कसं मांडतात, तेवढं नमुन्याला दाखवतो. हे रशियातलं जुन्या वस्तूंचं दुकान आहे. बघा, गरुड नाही.

बुरुल : हा यंत्राचा. याचे टाके बघ, शिवताना बाईला डुलकी लागली असावी. हा रंग एका धुण्यात जाईल. यालाही शिरदाक म्हणतात का तिकडे? मी तर कुत्र्याखाली घालणार नाही. थांब. मागं जा. तो निळा. मोठा कर.

(बुरुल मोबाइल तिलेकच्या हातातून काढून घेते.)

जिपार : आपा? काय झालं?

बुरुल : उजवा कोपरा बघ. शिंग बघ.

जिपार : उलटं वळलंय.

तिलेक : योगायोग असेल, तायेजे. अशा चुका कुणाच्याही...

बुरुल : चाकू घसरला की दोन्ही थरांतून घसरतो. काय लिहिलंय खाली?

तिलेक : 'जुना, वापरलेला. कुठल्या गावचा ते माहीत नाही.'

जिपार : आपण परत घेऊ या, आपा. तिलेक, आत्ता कळव त्यांना.

तिलेक : वहिनी, खाली 'विकला गेला' असं लिहिलंय.

बुरुल : विकला. आईनं दोन हिवाळे बसून केलेला नमदा, म्हातारी मेंढी काढावी तसा विकला. बरं झालं. नाहीतरी तिनं त्यानं जिनेच पुसले असते.

जिपार : असं बोलू नका, आपा.

बुरुल : का नको? माझी लेक आहे, मी बोलेन.

जिपार : नवऱ्यानं मारलं म्हणून इथं आली, तेव्हाही बोललात. बसूसुद्धा दिलं नाहीत तिला. आल्या वाटेनं परत जा म्हणालात. चष्मा खिडकीत राहिला, तो घ्यायलाही ती थांबली नाही. नवऱ्याच्या घरातून सगळं सोडून फक्त तो निळा उचलला आणि रशियाची गाडी धरली. आधी कानातलं गेलं असेल, आपा. मग अंगठ्या. हा सगळ्यांत शेवटी गेला असेल.

तिलेक : तायेजे, ते पान बंद करू का?

बुरुल : कुणी सांगितलं बंद करायला? तुझी ती वेबसाइट रशियात दिसते?

तिलेक : सगळीकडे दिसते.

बुरुल : सगळीकडचं मला सांगू नकोस. जिने पुसणाऱ्या बाईच्या स्वस्तातल्या फोनवर दिसेल का?

तिलेक : दिसेल.

बुरुल : मग तो गरुड उडव. म्हाताऱ्याला घोड्यावरून उतरव. पहिल्या पानावर आमचा लाल टाक, पानभर.

तिलेक : पण तो विकायचा नाही म्हणालात ना?

बुरुल : नाहीच विकायचा. विकायचे बाकीचे आहेत, ते टाक खाली. जिपारचं नाव घालून. आणि ते शिंग आधी होतं तसं वाकडं कर.

तिलेक : गिऱ्हाईक म्हणेल, पहिल्याच पानावर बिघडलेला माल.

बुरुल : म्हणू दे. गिऱ्हाइकासाठी नाही तो.

जिपार : लालाखाली काय लिहायचं, आपा?

बुरुल : लिही, हा जोडीतला आहे. दुसरा विकला गेला असला तरी चालेल.

तिलेक : एवढंच?

बुरुल : फोनचा नंबर घाल. आणि मोठ्ठा घाल रे, बारीक नको. चष्मा अजून खिडकीतच आहे तिचा.