तीन टिंबांची चौकट

(मधपाळ मंडळाचे अध्यक्ष सर आणि त्यांच्या पत्नी वहिनी यांचं घर. दुपार. टेबलावर रविवारच्या प्रदर्शनासाठी भरलेल्या मधाच्या बाटल्या. खिडकीबाहेर, मागच्या अंगणात, आठ मधपेट्या.)

टेलरबाई: बसायला नाही आले मी. मंडळाच्या फळ्यावरचा तो कागद काढा, एवढंच सांगायला आले.

सर: ताई, कागद समितीने लावला. मी एकटा काही करत नाही.

टेलरबाई: अक्षर तुमचं आहे. तीस वर्षं शाळेत फळे भरलेत, आंधळासुद्धा ओळखेल. "रोगाचा उगम: टेलरबाईंच्या पेट्या. मध काढायचं सामायिक यंत्र वापरण्यास त्यांना मनाई." उगम म्हणे. मी काय नदी आहे?

वहिनी: पाणी तरी घ्या.

टेलरबाई: नको, वहिनी. तुमच्यावर नाही हो माझा राग.

सर: नियम सगळ्यांना सारखा. तुमच्या चारही पेट्यांत पिल्लं सडली होती. तुम्हीच येऊन सांगितलंत.

टेलरबाई: मीच सांगितलं. पोळ्याच्या घरांमधल्या अळ्या तपकिरी दिसल्या, वास आला, तशी मशीनवरचं कापड तसंच सोडून तुमच्या दारात आले. गप्प बसले असते तर आज मीही रविवारी बाटल्या मांडल्या असत्या.

सर: तुमच्या प्रामाणिकपणाची नोंद घेतली आहे.

टेलरबाई: कुठे घेतलीत? फळ्यावर तर दिसली नाही. आणि जाळायला कोण आलं? तुम्ही आणि सहा जण. सातही जणांच्या डोक्यावर खांद्यापर्यंत येणारे जाळीचे टोप मी शिवलेले. बावीस जणांचे शिवलेत मी, मंडळासाठी, शिलाई न घेता. माझेच टोप घालून माझ्याच पेट्या जाळल्यात. मी टाक्यांकडे बघत उभी होते. तुमचा खांद्यावर उसवलाय, तेसुद्धा दिसलं.

सर: रोगट पेटी जाळावीच लागते. दुसरा उपाय नाही. तुम्हालाही माहीत आहे.

टेलरबाई: जाळण्याबद्दल कुठे म्हणतेय मी? लाकडं मीच रचून दिली. पण सकाळी अकराला? ऊन चढलेलं, निम्म्या माशा बाहेर गेलेल्या. मी म्हणाले, सर, संध्याकाळपर्यंत थांबा. तुम्ही घड्याळ बघितलंत.

सर: प्रदर्शनाची बैठक होती. आणि नियमात वेळ लिहिलेली नाही. निम्म्या बाहेर असतील अशी आम्हाला काय कल्पना?

टेलरबाई: दोन दिवस फिरत होत्या त्या जागेवर. पेटी नाही, राणी नाही, काही नाही, आणि ह्या पायाला पराग चिकटवून घरी आलेल्या. कपडे वाळत घालायच्या दोरीवर बसल्या शेवटी. तिसऱ्या दिवशी निघाल्या आणि भाजीवालीच्या पेट्यांत शिरल्या. आता तिच्याकडेही रोग. बारा वर्षांची मैत्री आमची, काल मला बघून रस्ता बदलला तिने. फळ्यावर वाचलंय ना तिने, उगम कोण ते.

वहिनी: भाजीवालीच्याही गेल्या? अहो, तुम्ही बोलला नाहीत मला.

सर: तू यात पडू नकोस. ताई, तुमचं दुःख मी समजू शकतो. पण रोग कुठून तरी सुरू होतोच. पहिल्यांदा तो तुमच्याकडे दिसला.

टेलरबाई: दिसला माझ्याकडे. आला कुठून, ते ह्या पिशवीत आहे.

सर: हे काय?

टेलरबाई: चौकट. माझ्या चार पेट्यांतल्या ज्या चाळीस तुम्ही जाळल्यात, त्यांतली नाही. हिच्या पोळं धरायच्या तारा सैल झाल्या होत्या, म्हणून आधीच बाहेर काढून मशीनखाली ठेवली होती. पडद्याच्या कापडाखाली गेली आणि विसरले. आज सकाळी सापडली. वरच्या पट्टीवर खूण बघा.

सर: चष्मा नाही माझ्याजवळ.

वहिनी: डोक्यावर आहे.

टेलरबाई: मी सांगते. तापल्या सळईने पाडलेली तीन टिंबं. मंडळात प्रत्येकाची खूण वेगळी. माझी कात्री, भाजीवालीची पळी, आणि तीन टिंबं अध्यक्षांची. थंडी सरल्यावर माझी एक पेटी अशक्त होती, तेव्हा तुम्ही पोळं बांधलेल्या दोन चौकटी दिल्यात. मी भर सभेत तुमचे आभार मानले. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

सर: मदत म्हणूनच दिल्या होत्या.

टेलरबाई: मदतच होती. आता हे पोळं उजेडात धरा. घरांच्या तळाशी मेलेल्या अळ्यांच्या काळ्या खपल्या दिसतात? नखाने खरवडा, निघणार नाहीत. असं घट्ट बसायला महिने लागतात, हे मला तुम्हीच शिकवलंत, पहिल्या वर्षी. माझ्याकडे पहिली अळी मेल्यापासून जाळेपर्यंत दहा दिवस झाले. मग हे महिने कुणाच्या अंगणात गेले?

सर: जुन्या चौकटीत काहीही असू शकतं. माझ्या आठही पेट्या निरोगी आहेत. मी स्वतः तपासल्यात.

वहिनी: कशाने तपासल्यात?

सर: म्हणजे?

वहिनी: ह्या घरात कुणी विडी ओढत नाही. गॅस मी लायटरने पेटवते. तरी दोन महिन्यांत सहा काड्यापेट्या संपल्या. मला वाटलं, कामवाली नेते. तिला बोललेसुद्धा मी, आणि ती बिचारी रडली. मग मागच्या भिंतीपाशी काड्या सापडल्या, ढीगभर. एकही पेटवलेली नाही. टोकाला तपकिरी काहीतरी वाळलेलं.

टेलरबाई: चिकासारखं? तार ओढल्यासारखं?

वहिनी: तसंच.

टेलरबाई: मेलेल्या अळीत काडी खुपसायची आणि हळूच ओढायची. तार निघाली की रोग. हेही सरांनीच शिकवलं. तार निघत होती, आणि तुम्ही रोज नवी काडी घेऊन बघत होतात की आज तरी निघणार नाही.

सर: ताई, आवाज खाली. बाहेर लोक आहेत.

टेलरबाई: असू द्या. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, हे करायला अध्यक्ष कशाला लागतो? मला चौकटी दिल्यात तेव्हा माहीत होतं तुम्हाला?

सर: नाही. तेव्हा खरंच माहीत नव्हतं. शपथ घेतो. नंतर कळलं.

टेलरबाई: आणि माझ्या पेट्या जाळल्यात तेव्हा?

वहिनी: बोला ना. त्या विचारतायत.

सर: तेव्हा कळलं होतं.

टेलरबाई: तरी कागद लिहिलात.

सर: पहिली पेटी आहे ना, कोपऱ्यातली. मी नोकरीला लागलो त्या वर्षी आणली. त्याच माशांच्या ह्या सगळ्या. माझ्याच पेट्यांत रोग निघाला तर प्रदर्शन बंद, मंडळावर कोण विश्वास ठेवणार, असं मी मनाशी म्हणत राहिलो. पण खरं सांगायचं तर हात धजावला नाही.

टेलरबाई: माझ्या दारात धजावला.

सर: हो.

टेलरबाई: मलाही त्या चार पेट्या कुणी आंदण नव्हत्या दिल्या, सर. नवरा गेल्यावर घरात आवाज उरला नव्हता. मशीनचा आणि त्यांचा, एवढेच दोन. तुम्हाला तुमची पहिली पेटी जाळणं जड गेलं. माझं नाव हलकं वाटलं.

वहिनी: त्या बाटल्या बाजूला ठेवा. रविवारी काही मांडायचं नाही.

सर: मी जाऊन कागद काढतो. दुसरा लिहितो, माझ्या नावाचा.

टेलरबाई: उगम हाच शब्द लिहा. आणि भाजीवालीच्या घरी तुम्ही जायचं. मी नाही समजावणार तिला.

सर: जातो. आत्ताच जातो.

टेलरबाई: आणि त्या आठ?

वहिनी: लाकडं शेडमध्ये आहेत. काड्यापेटी आणते मी. एक उरलीये, लपवून ठेवली होती.

सर: आत्ता नको. संध्याकाळ होऊ दे. शेवटची माशी आत आल्याशिवाय दारं बंद करायची नसतात. एकही बाहेर राहता कामा नये.

टेलरबाई: म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं, सर.