नाव झाकलेला अर्ज

मल्लिनाथ : चार? दहापैकी चारच लिहू?

उत्कर्षा : चारच. तुम्ही फक्त टाइप करा. माझा हात प्लास्टरमध्ये आहे म्हणून तुम्हाला बसवलंय, मार्क द्यायला नाही.

मल्लिनाथ : लिहिले बाई. चादरींचं दुकान बंद ठेवून बसलोय, तेवढं विचारायचा हक्क आहे की. मघाच्या अर्जातही, ह्याच्यासारखंच, अनुदान संपल्यावर माल कोण विकणार ते गुळमुळीतच होतं. त्याला तू सात दिलेस.

उत्कर्षा : तो वेगळा होता.

मल्लिनाथ : कसा?

उत्कर्षा : ती माणसं पहिल्यांदाच अनुदान मागत होती. हा मुरलेल्या हातानं लिहिलाय. आपण काय झाकतोय ते तिला चांगलं कळत होतं.

मल्लिनाथ : तिला?

उत्कर्षा : लिहिणारीला.

मल्लिनाथ : पुण्याच्या ट्रस्टनं तर नावं झाकून अर्ज पाठवलेत. संस्था कुठली, गाव कुठलं, कुणी लिहिला, तपासणाऱ्याला काही कळू नये म्हणून. मग बाईनं लिहिलाय हे तुला कसं कळलं?

उत्कर्षा : पहिलं वाक्य वाचा.

मल्लिनाथ : 'तव्यावरची भाकरी कडक व्हायला ठेवून सारजाबाई दुसरीचं पीठ मळायला घेतात.' छान आहे की.

उत्कर्षा : छान आहेच. असं सुरू करायला मीच शिकवलं. आधी माणूस दाखव, त्याच्या हातातलं काम दाखव, आकडे मागून येऊ देत. भवानी पेठेत तुमच्या दुकानाच्या माळ्यावर बसवून शिकवलं. मंद्रूपहून एसटीनं यायची. अर्ज लिहायचा म्हणजे हात पसरायचे, एवढंच माहीत होतं तिला.

मल्लिनाथ : म्हणजे सृष्टी.

उत्कर्षा : नाव घेऊ नका.

मल्लिनाथ : अगं, मग ट्रस्टला कळव की. तूच नियम वाचून दाखवलास ना परवा? अर्ज ओळखीच्या माणसाचा निघाला तर मार्क न देता परत करायचा, दुसरा कुणीतरी तपासेल.

उत्कर्षा : अंदाज आहे माझा. सिद्ध कुठं झालंय?

मल्लिनाथ : आत्ता तर छातीठोक सांगत होतीस.

उत्कर्षा : परत केला तर दुसऱ्याकडे जाईल, आणि तो दुसरा भाळेल. सगळेच भाळतात तिच्यावर. मंद्रूपची संस्था माझी होती. त्यांच्याकडे साधी खुर्ची नव्हती तेव्हापासून मी त्यांचे अर्ज लिहिले. गेली ती तिच्याकडे. पुण्यात नव्या लोकांना शिकवायला बोलावतात ते तिला. पेपरात फोटो येतो तो तिचा. कुणी विचारतं का, हिला घडवलं कुणी?

मल्लिनाथ : ती स्वतःच सांगते की. दर भाषणात तुझं नाव घेते.

उत्कर्षा : तेच तर. नाव घेते आणि आणखी मोठी होते. घेतलं नसतं तर निदान मनासारखं रागावता तरी आलं असतं.

मल्लिनाथ : जळतेस तू तिच्यावर.

उत्कर्षा : हो, जळते. झालं समाधान? तिचं काही चांगलं ऐकलं की त्या दिवशी जेवण गोड लागत नाही मला. पण चार मार्क त्यासाठी नाहीत. अर्जात उणीव आहे.

मल्लिनाथ : उणीव सातवाल्यातही होती. चार मार्कांवर अनुदान मिळत नाही, हे तूच सांगितलंस. मग त्या भाकऱ्या करणाऱ्या बायकांनी काय करायचं?

उत्कर्षा : बायकांचं मला सांगू नका. सृष्टीच्या आधीपासून ओळखते मी त्यांना.

मल्लिनाथ : म्हणून तर म्हणतोय. पाच वाजेपर्यंत मार्क पाठवायचे आहेत. नीट विचार करून सांग.

(फोन वाजतो. मल्लिनाथ नाव बघतो, एकदा बायकोकडे बघतो आणि स्पीकर लावतो.)

सृष्टी : ताई, सृष्टी बोलतेय. हात कसा हाय आता?

उत्कर्षा : आहे तसाच. बोल.

सृष्टी : एक सांगायचं होतं. दुसऱ्या कुणाकडनं कानावर आलं तर तुमचा गैरसमज व्हायचा. ट्रस्टनं ह्या वर्षी मला बी अर्ज तपासायला दिलेत, शाळांच्या गटातले. त्यात एक कर्णबधिर मुलांच्या शाळेचा हाय. नाव झाकलंय, पण पहिल्याच पानावर कळलं मला, ताईंनी लिहिलाय.

उत्कर्षा : होटगीच्या शाळेचा.

सृष्टी : तुमी सांगू नका, मी ऐकलं न्हाय. मी परत केला तो, ताई. सकाळीच.

उत्कर्षा : का? एवढा वाईट होता?

सृष्टी : काय बोलताय. लई चांगला हाय. वाचता वाचता रडू आलं मला. म्हणून तर परत केला. मार्क द्यायला बसले असते तर पैकीच्या पैकी दिले असते, आन् बाकीच्या शाळांवर अन्याय झाला असता. आपल्या माणसाचा कागद आपण तपासायचा न्हाय, तुमीच सांगायचा की माळ्यावर.

उत्कर्षा : सांगत असेन.

सृष्टी : व्हय. तुमाला बी आलेत का अर्ज?

उत्कर्षा : ते मला सांगता येणार नाही, सृष्टी.

सृष्टी : चुकलं माझं. विचारायलाच नको होतं. हाताला जपा, ताई. रविवारी येते मी, सैपाक करून जाते. तुमी काय करत बसू नका. ठेवते.

मल्लिनाथ : ठेवला तिनं.

उत्कर्षा : ऐकलं.

मल्लिनाथ : तुझे पैकीच्या पैकी गेले की हातचे.

उत्कर्षा : चेष्टा नको.

मल्लिनाथ : बरं. चाराचं काय करू?

उत्कर्षा : खोडा. अर्ज परत पाठवा.

मल्लिनाथ : खाली कारण विचारलंय.

उत्कर्षा : लिहिणारी ओळखीची आहे, एवढं टाका.

मल्लिनाथ : बास?

उत्कर्षा : बास. त्यांना तेवढं पुरे.

मल्लिनाथ : हं. गेलं. आता तरी मोकळं वाटतंय ना?

उत्कर्षा : नाही हो. लाज वाटायला पाहिजे होती मला. आणि मनात काय येतंय सांगू? तिनं सकाळीच परत पाठवला. हेही तिनंच आधी केलं.