कामापुरता हात

परळीत एसटीडी बूथच्या माडीवर फिजिओथेरपीचा दवाखाना नवाच निघाला होता. छबुबाई आली होती गुडघ्यासाठी, पण कान सगळा पडद्याआड; तिथं मॅडम दुसऱ्या बाईला तपासत होत्या.

"महानंदाताई, आखडलेल्या डाव्या हातानं आता भाकरी थापता येते?"

"येते."

"धुणं?"

"पिळते की."

"झालं मग! हात कामापुरता आला." हा महानंदाच्या नवऱ्याचा, मन्मथप्पांचा आवाज. "मॅडम, आता बंद करा हे."

"तुमच्या कामापुरता आला. माज्या न्हाई."

"तुजं कोन्तं काम राह्यलं?"

"पूजेला गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन डोळ्यासमोर धरावं लागतं. हात छातीपाशीच अडतो. दिवाळीपासून मान खाली घालून पूजा करायलेय मी."

"मग उजव्यावर घे."

"घेते. तुमी आजपासून डाव्या हातानं जेवा."

मग पुन्हा महानंदाचाच आवाज.

"मॅडम, लिवून ठेवा. हात डोळ्यापर्यंत येईस्तोवर मी येनार."

दोघं गेल्यावर मॅडमनी छबुबाईला आत बोलावलं.

"मावशी, या गुडघ्यानं पाणी भरता येतं का?"

"ते मागून लिवा, बाई. आदी लिवा, फुगडी खेळता येत न्हाई."